चित्रातली ट्राम

मुंबईच्या जुन्या रस्त्यांची छायाचित्रे पाहताना प्रथम नवल वाटते, ते त्यांतील शुकशुकाटाचे. रुंद रस्ता, दुतर्फा घरे आणि मध्ये चिटपाखरूही नाही! त्या काळी मुंबईत माणसेच नव्हती की काय, अशी शंका मनाला चाटून जाते.

माणसे होती; पण चित्रात उतरली नाहीत. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था 1854 साली स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे एक नामवंत छायाचित्रकार होते. तेव्हा काचेच्या तावदानावर चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढा वेळ जे स्थिर राही, तेच स्पष्ट उमटे. चालता हमाल, धावती गाडी यांचा धुरासारखा पुसट पट्टा तरी दिसे किंवा काहीच दिसत नसे. म्हणजे ज्यांच्या कष्टांवर शहर चालले होते, तेच चित्रातून निसटले.

याच रस्त्यांवर 9 मे 1874 रोजी ट्राम आली. ती विजेवर चालत नसे. रुळांवरून तिला घोडे ओढीत. एक मार्ग कुलाब्याहून, तर दुसरा बोरीबंदराहून निघे आणि दोन्ही पायधुणीस पोहोचत. कुलाबा ते पायधुणी प्रवासास आरंभी तीन आणे पडत. मुंबईचे ऊन कडक, म्हणून घोड्यांच्या डोक्यांवर टोप्या घालीत. आज ही गोष्ट ऐकून हसू येते. परंतु भरलेली गाडी दिवसभर ओढणाऱ्या मुक्या जनावराला त्या टोपीची सावली किती मोलाची वाटली असेल!

पुढे 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम सुरू झाली. घोड्यांचे श्रम संपले, हे चांगलेच झाले. मात्र त्यांच्याबरोबर मोतद्दार आणि नालबंद यांचे कामही गेले. 1920 साली दुमजली ट्राम आली आणि 1926 साली मोटारबस धावू लागली. बसला रुळांचे बंधन नव्हते. ती हवी तिकडे वळे. ट्राम मात्र आपल्या संथ चालीने रस्त्याच्या मध्यातून जाई. मोटारी वाढल्या, तशी तिची अडचण होऊ लागली. अखेर 31 मार्च 1964 रोजी रात्री शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. तिला निरोप देण्यासाठी लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उभे होते.

त्या वेळी जो मुलगा बारा वर्षांचा होता, त्याने आज सत्तरी ओलांडली आहे. ट्रामचे चित्र त्याच्या हाती दिले, तर त्याला केवळ गाडी दिसत नाही. चालकाने पायाने वाजविलेल्या घंटेची ठणठण त्याच्या कानी येते, वाहकाच्या पिशवीतील नाणी खुळखुळतात, वळणावर रुळांची करकर ऐकू येते. चित्रात नसलेले सारे त्याच्या स्मरणात असते. ते स्मरण त्याच्याबरोबर गेले, की चित्र मुके होते.

दादरच्या एका भागाला लोक अजून 'दादर टीटी' म्हणतात. ती दोन अक्षरे 'ट्राम टर्मिनस' या शब्दांची आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ट्राम गेली, रूळ गेले. नाव तेवढे राहिले. त्याचा अर्थ मात्र कोणी सांगितला तरच कळतो.

घरोघरी कपाटांत अशी जुनी चित्रे पडून असतात. त्यांच्या पाठीवर ना साल असते, ना ठिकाणाचे नाव. आजी-आजोबांजवळ बसून ते विचारून घ्यावे आणि चित्रामागे पेन्सिलीने हलकेच लिहून ठेवावे. काम दोन ओळींचे. पण ते आज केले नाही, तर उद्या सांगणारे कोणी उरणार नाही.