सोनगीर : किल्ला, तांबट आणि विद्येचा मूळ निधी

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर सोनगीर लागते. गावाला लागूनच एक लांबट, बेताच्या उंचीची टेकडी आहे आणि तिच्यावर किल्ल्याचे अवशेष. सुवर्णगिरी या नावावरून सोनगीर झाले असे जुने लोक सांगतात. चढण थोडीच आहे. वर पडझड झालेला तट, एक खोल विहीर आणि चहूकडे खानदेशचा सपाट मुलूख एवढेच पाहायला मिळते. परंतु दक्षिणेतून माळव्याकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी याहून सोयीची जागा शोधूनही सापडली नसती, हे तेथे उभे राहिल्यावर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तथापि खानदेशातील घराघरांत सोनगीरचे नाव पोहोचले ते किल्ल्यामुळे नव्हे, तर तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे. लेकीच्या लग्नात द्यावयाचा हंडा, कळशी, घंगाळ, परात सोनगीरची आहे, असे सांगण्यात आमच्या आईच्या पिढीला अभिमान वाटे. पत्रा गोल कापावयाचा, भट्टीत तापवून मऊ करावयाचा, ठोकून खोलगट करावयाचा. ठोकून तो पुन्हा कडक झाला की पुन्हा तापवावयाचा. सांधा टाकणखार लावून डाकाने जोडावयाचा आणि शेवटी मठारावयाचे, म्हणजे एकसारखे हलके ठोके सर्वांगावर घालीत जावयाचे. हे ठोके केवळ शोभेसाठी नसतात. त्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांडे वर्षानुवर्षे आकार सोडीत नाही. कोणता ठोका किती जोराचा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही; ते मनगटात असते. पुढे स्टेनलेस स्टील आले, त्यामागून प्लॅस्टिक आले, आणि यंत्रावर दाबून काढलेली पितळी भांडीही स्वस्त मिळू लागली. तेव्हापासून हातकामाची मागणी ओसरत गेली.

बँकेच्या नोकरीत असताना लहान कारागिरांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून गेली आहेत. अशा प्रकरणात पत्र्याचा साठा तारण म्हणून धरता येतो, तयार माल धरता येतो, हत्यारांचीही किंमत करता येते. ज्या मनगटावाचून त्या साऱ्याला मोडीचा भाव येतो, त्या मनगटासाठी मात्र ताळेबंदात रकाना नाही. बँकेचा तो दोषही नव्हे. कर्ज व्याजासह परत यावे लागते, आणि विद्या शिकण्याची पहिली वर्षे काहीच परत देत नाहीत. तेथे दानाचेच काम असते.

असे दान खानदेशाला अपरिचित नाही. सोनगीरहून धुळ्यास परतले की इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाची वास्तू पाहता येते. राजवाड्यांनी घरोघरीची दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचे बावीस खंड सिद्ध केले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच देह ठेवला. पुढच्याच महिन्यात त्यांच्या चाहत्यांनी हे मंडळ स्थापन केले. त्यांनी राजवाड्यांचा पुतळा उभारून समाधान मानले नाही. त्यांच्या कागदपत्रांना घर दिले, आणि त्या घरात पुढे वस्तुसंग्रहालयही उभे राहिले. जिल्ह्याच्या गावी जुन्या मूर्ती, नाणी, हस्तलिखिते पाहावयास मिळतात ती या सावध स्मारकबुद्धीमुळे.

अमळनेरचे उदाहरण तर अधिक विचार करण्यासारखे आहे. कापडगिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. गिरणीच्या गावात तत्त्वज्ञान कोणाला हवे, असा प्रश्न त्या काळीही निघाला असेल. परंतु शेठजींनी तेथे ग्रंथालय केले, राहण्याची सोय केली आणि अभ्यासकांना शिष्यवृत्ती दिली. निर्वाहाची चिंता नको, अभ्यास करा, एवढाच त्यामागचा हेतू. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे विचारवंत तेथे संचालक म्हणून येऊन राहिले. घनश्यामदास मलकानी यांनी तेथे दीर्घकाळ काम केले. तरुण साने गुरुजी तेथे अभ्यासासाठी आले आणि त्यानंतर अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले. तेथून निघणारे इंग्रजी त्रैमासिक देशभरच्या तत्त्वज्ञान विभागांत वाचले जाई. काळ पालटला तसा त्या संस्थेचाही बहर ओसरला. तरीही 1973 मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने नवे त्रैमासिक सुरू केले तेव्हा अमळनेरचे प्रताप केंद्र त्यात सहभागी होते. पन्नास-पाऊणशे वर्षांनंतरही एखाद्या देणगीतून अंकुर फुटू शकतो तो असा.

आपल्या समाजातील एका दात्याचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांना 1940 च्या सुमारास आपली न्यायाने मिळविलेली संपत्ती धर्म व समाज यांच्या कामी लावावी अशी तीव्र इच्छा झाली. त्यांनी लगेच कोनशिला बसविली नाही. देशभर हिंडून पैसा कोठे लावावा हे त्यांनी विद्वानांना विचारले, त्यांची मते लेखी घेतली, आणि 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथा येथे विद्वानांना एकत्र बोलावून चर्चा घडविली. त्यातून जैन संस्कृति संरक्षक संघ जन्मला. आरंभी तीस हजार रुपये आणि 1944 मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व मालमत्ता त्यांनी विश्वस्त निधी म्हणून संघाला अर्पण केली. डॉ. आदिनाथ उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली जीवराज जैन ग्रंथमाला निघाली. ‘तिलोयपण्णत्ती’सारखा प्राकृत ग्रंथ शुद्ध पाठासह छापला गेला. असे ग्रंथ बाजारात खपत नाहीत; एकेक पाठ जुळविण्यात संपादकाची वर्षे जातात. शास्त्रदान हा शब्द आपण प्रवचनात पुष्कळदा ऐकतो. त्याची हिशेबाच्या वहीतील नोंद कशी दिसते, ते जीवराजभाईंनी दाखविले.

अलीकडचे उदाहरण वाचकांच्या परिचयाचे आहे. जळगावच्या जैन हिल्सवर भवरलालजी जैन यांच्या पुढाकाराने गांधीतीर्थ उभे राहिले. 25 मार्च 2012 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. लोक संग्रहालय पाहून भारावून परततात, आणि ते साहजिक आहे. मला मात्र तेथील अभिलेखागार अधिक मोलाचे वाटते. जुना कागद आम्लमुक्त करणे, तापमान आणि आर्द्रता राखणे, प्रत्येक पान अंकीय स्वरूपात उतरविणे, हा दरमहाचा खर्च आहे आणि त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही.

विश्वस्तांच्या बैठकांत मी निवृत्तीनंतर बसू लागलो आहे. खोली बांधावयाची म्हटले की हात सढळ होतात. ग्रंथपालाचा पगार हा विषय निघाला की सर्वांना घड्याळ दिसू लागते. म्हणून मूळ निधीचा आग्रह धरावा लागतो. दात्याने ‘ही रक्कम मूळ निधीत जमा करावी’ असे लेखी द्यावे, मुद्दलाला हात लागू नये, व्याजावर काम चालावे. आयकर कायद्यातही अशा देणगीला वेगळे स्थान आहे. पण व्याज संपूर्ण खर्च करणेही धोक्याचे असते, कारण महागाई मुद्दलाला आतून पोखरीत असते.

सोनगीरसाठी हा हिशेब मांडून पाहिला. मूळ निधी 50 लाख रुपये, व्याज 7 टक्के धरले तर वर्षाला साडेतीन लाख. त्यातील पाचवा हिस्सा, म्हणजे 70 हजार, पुन्हा मुद्दलात टाकावा. उरले 2 लाख 80 हजार. शिकविणाऱ्या कारागिरास दरमहा 10 हजारांचे मानधन, दोन शिकाऊ मुलांना दरमहा 5 हजार प्रत्येकी. मिळून 2 लाख 40 हजार. शिल्लक 40 हजारांत पत्रा, कोळसा, हत्यारांची दुरुस्ती. एखाद्या मंगल कार्यालयाच्या प्रवेशद्वाराला यापेक्षा अधिक खर्च आलेला मी पाहिला आहे. मुलांनी केलेली पहिली भांडी, हत्यारे आणि जुने नमुने धुळ्याच्या संग्रहालयात ठेवण्यासाठी विचारता येईल. त्याला नव्या इमारतीची गरज नाही.

हा कागद सोनगीरच्या एका वृद्ध तांबटाला वाचून दाखविला. ते बराच वेळ ऐकत होते. “साहेब, पैशाचं तुम्ही बघा,” ते म्हणाले, “पण पहिल्या वर्षी एकच पोरगा द्या. ऐरण एक आहे, आणि दोघं असले की दोघंही माझ्याकडे न बघता एकमेकांकडे बघतात.” मी दोनाच्या जागी एक केले आणि वाचलेले 60 हजार मुद्दलाच्या रकान्यात लिहिले.