एडिंबऱ्याच्या वाफ्यातील थॅलिक्ट्रम

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ ५६ अंशांवर आहे. जुलै महिन्यात तेथे रात्री दहापर्यंत संधिप्रकाश रेंगाळतो आणि ऐन उन्हाळ्यातील दुपारही आपल्याकडील माघातल्या कोवळ्या उन्हाइतपतच उबदार असते. पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत राहतो. समुद्रावरून येणारा वारा बोचरा असतो. अशा हवेत आपल्याकडील माणसांचे गुडघे कुरकुरू लागतात. मात्र ज्या वनस्पतींना गारवा, ओलावा आणि सौम्य ऊन हवे असते, त्यांना यापरते सुख नाही.

या शहराच्या इनव्हरलीथ भागातील रॉयल बोटॅनिक गार्डन ही बाग प्रत्येक वैद्यकीय व्यावसायिकाने पाहावी अशी आहे. रॉबर्ट सिबाल्ड आणि अँड्र्यू बाल्फोर या दोन वैद्यांनी १६७० साली औषधी वनस्पतींसाठी जमिनीचा एक लहानसा तुकडा घेतला, त्यातून ती उभी राहिली. सध्याच्या जागी ती एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आली. ज्येष्ठांच्या दृष्टीने सांगायचे तर मुख्य बागेत प्रवेशशुल्क नाही, रस्ते रुंद आहेत आणि थोड्याथोड्या अंतरावर बाके आहेत. काही ठिकाणी चढ आहे. चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याने तेवढे ध्यानात ठेवावे.

बागेत बीच वृक्षांचे शतकाहून जुने, दोन पुरुषांहून कितीतरी उंच कुंपण आहे. त्याच्या पायथ्याशी दीडशे मीटरांहून लांब फुलांचा वाफा पसरलेला आहे. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी तो पाहिला, तेव्हा लालभडक आणि गर्द पिवळ्या फुलांच्या गर्दीत माझी नजर एका अगदी सौम्य झाडापाशी थांबली. उंची माझ्या खांद्याइतकी. देठ सडसडीत, जांभळट छटेचे. पाने आपल्या हंसराजासारखी, नाजूक आणि निळसर हिरवी. वर चिमुकल्या फिकट जांभळ्या फुलांचा असा विरळ झुबका की त्यातून पलीकडचे सारे दिसावे. पाटीवर नाव होते थॅलिक्ट्रम. सोबत असलेल्या मामी म्हणाल्या, "हे आमच्याकडेही आहे. मी याला हंसराजाची बहीण म्हणते."

नात्याने ही बहीण नव्हे. हंसराज नेचेवर्गीय, त्याला फुले येत नाहीत. इंग्रजीत थॅलिक्ट्रमला 'मेडो-रू' म्हणतात. 'रू' म्हणजे आपला सताप. पानांच्या साधर्म्यावरून नाव पडले इतकेच, सतापाशीही याचे कूळ जुळत नाही. कूळ पाहू गेल्यास बचनाग आणि कलौंजी हे याचे भाऊबंद निघतात. एकाच घराण्यात एक जण जीव घेणारा आणि दुसरा लोणच्यात पडणारा, असे माणसांतही आढळते. आणखी एक गंमत म्हणजे याच्या फुलाला पाकळ्या नसतातच. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती रंगीत निदले होत, आणि त्यांच्यामधून पिवळसर पुंकेसरांचा गोंडा लोंबत असतो.

मामींच्या बागेतील झाड 'थॅलिक्ट्रम डेलावेयी' या जातीचे. ही जात नैर्ऋत्य चीनमधील. युन्नान प्रांतात राहून पॅरिसच्या संग्रहालयाकडे हजारो वनस्पती पाठवणारे फ्रेंच धर्मोपदेशक डेलावे यांचे नाव तिला दिलेले आहे. तिचा 'ह्युइट्स डबल' नावाचा एक बागेतील प्रकार आहे. त्यात पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांसारख्या पदरांत झालेले असते, त्यामुळे प्रत्येक फूल भरगच्च मण्यासारखे दिसते आणि कितीतरी आठवडे टिकते. मात्र या झाडाला बी धरत नाही. कोणीतरी गड्डा खणून, विभागून दुसरीकडे लावला तरच ते पुढे चालू राहते. मामींकडे हाच प्रकार होता. पंचवीस वर्षांपूर्वी एका शेजारणीने जाताना दिलेला.

गेल्या एप्रिलमध्ये मी पुन्हा एडिंबऱ्याला गेलो, तो या गड्ड्याचा प्रश्न उभा राहिला होता. मामा ७९ वर्षांचे, मामी ७६ वर्षांच्या. मामींना आठ वर्षांपासून पार्किन्सनचा विकार आहे. हात थरथरतो, चालताना पाऊल मध्येच जमिनीला खिळते. त्यांचे सारे मामाच पाहतात. जिन्याचे घर आता झेपत नाही म्हणून सप्टेंबरात तळमजल्यावरील छोट्या सदनिकेत जायचे ठरले होते. त्यात मागील शरद ऋतूत मामा बागेत काम करता करता पडले. हाड मोडले नाही, पण मांडी महिनाभर काळीनिळी होती. लंडनला असलेल्या मुलाने बजावले, "बाबा, आता बाग बंद." त्याची काळजी रास्त होती. मामांना काही झाले तर मामींकडे कोण पाहणार? वाद माझ्यापुढे आला. घरात डॉक्टर पाहुणा आला की निवाडा त्याच्याकडेच येतो.

मी आधी विचारले ते पडणे कसे झाले हे. मामा अर्धा तास उकिडवे बसून माती उकरत होते, एकदम उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ते रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची अशा दोन्ही गोळ्या सकाळी एकत्र घेत होते. मी त्यांना पाच मिनिटे आडवे करून रक्तदाब मोजला, तो १३८ भरला. उभे करून मिनिटाभराने मोजला तर ११२. वरच्या आकड्यात २० किंवा त्याहून अधिक घट झाली की आम्ही ती गांभीर्याने घेतो. ते आकडे कागदावर लिहून मी मामांना त्यांच्या तिथल्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी एक गोळी रात्री घेण्यास सांगितले. आपल्या वाचकांनी गोळ्यांच्या वेळा स्वतःहून बदलू नयेत. घरात कोणी उठताना तोल जातो असे सांगत असेल, तर आडवे आणि उभे अशा दोन्ही स्थितींतील रक्तदाब मोजून घेण्याचा आग्रह मात्र जरूर धरावा.

बाग बंद करावी असे मला वाटले नाही. दिवसाचे बारा तास दुसऱ्याचे करणाऱ्या माणसाला स्वतःचे म्हणून एखादे काम लागते. ते काढून घेतले की तो घरात सुरक्षित राहतो, आणि हळूहळू मिटतही जातो; माझ्या दवाखान्यात अशी माणसे नित्य येतात. तेव्हा काम तसेच ठेवायचे आणि कामाची पद्धत बदलायची असे ठरले. खणणे शेजारच्या तरुणाकडे, कापणे आणि लावणे मामांकडे, आणि देखरेख मामींकडे. मामींनी हे काम आयुष्यभर केलेले होते. हात चालत नसला तरी कुठे कापायचे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

थॅलिक्ट्रम वसंतात उशिरा जागे होते. एप्रिलच्या मध्यापर्यंत वाफ्यात नुसती माती दिसते, आणि झाड मेले असे समजून पुष्कळ जण तेथेच कुदळ घालतात. म्हणून मामी दर शरदात झाड जमिनीलगत छाटल्यावर जागेवर एक काडी रोवून ठेवत. त्या काडीभोवतीची माती हलक्या हाताने सरकवल्यावर बोटाच्या पेराएवढे जांभळे कोंब दिसले. विभागणीची वेळ हीच. पाने फुटून वाढल्यावर गड्डा हलवला तर झाड कोमेजते.

शेजारच्या मुलाने चार दातांच्या काट्याने सभोवार वीतभर अंतर सोडून गड्डा मातीसकट उचलला आणि तो टेबलावर आणून ठेवला. टेबलावर, हे महत्त्वाचे. खाली बसण्याचे कारणच उरले नाही. मामी काठीच्या टोकाने दाखवत होत्या. "तिथं नको, तिकडं एकच कोंब राहील. प्रत्येकाला तीन तरी हवेत." मामा हातमोजे घालून धारदार सुरीने कापत होते. त्यांचा गड्डा मोठा होता, त्याचे आठ-दहा तुकडे सहज पडले असते. मामींनी तीनच करू दिले. फार लहान तुकडे केले तर ते वर्ष-दोन वर्षे रुसून बसतात, फुलत नाहीत. मोठे तुकडेही पहिल्या उन्हाळ्यात बेताचेच वाढतात.

लावताना गड्डा पूर्वीइतक्याच खोलीवर ठेवावा, खड्ड्यात पालापाचोळ्याचे कुजलेले खत घालावे, भरपूर पाणी द्यावे आणि वर आच्छादन करावे. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मानवते. पाणी साचता कामा नये, माती कोरडीही पडता कामा नये. कोरडी पडली की पानांवर भुरी येते. कोवळ्या कोंबांवर बिनशंखाच्या गोगलगाई रात्री तुटून पडतात. देठ उंच आणि बारीक असल्याने वाऱ्याच्या जागी आधाराच्या काठ्या मे महिन्यातच लावाव्या लागतात. साध्या, एकपदरी फुलांच्या थॅलिक्ट्रमला मात्र बी येते. ते ताजे असताना शरदात पेरून कुंडी थंडीत उघड्यावर ठेवली की वसंतात उगवते; फुलासाठी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत थांबावे लागते.

कापलेली मुळे आतून पिवळट असतात. या कुळातील अनेक झाडांच्या मुळांत बर्बेरिन असते, तेच जे आपल्या दारुहळदीत असते. हिमालयातील एका थॅलिक्ट्रमची वाळलेली मुळे उत्तर भारतात 'ममीरा' नावाने विकली जातात आणि डोळ्यांत अंजन म्हणून घातली जातात. मोतीबिंदू उतरतो या आशेने असे काही डोळ्यांत घालणारे वृद्ध मी पाहिले आहेत. मोतीबिंदू अंजनाने उतरत नाही, शस्त्रक्रियेनेच निघतो. डोळ्याला जखम मात्र होऊ शकते. पोटात घेतलेले बर्बेरिन रक्तातील साखर उतरवते आणि काही औषधांचे शरीरातील प्रमाण वाढवते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते मनाने घेऊ नये.

हे झाड आपल्याकडे लावता येईल का, असे वाचक विचारतील. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात ते तग धरणार नाही, आणि परदेशातून माती लागलेला गड्डा सामानात घालून आणणे कायद्यालाही मान्य नाही. पण आपलेही एक थॅलिक्ट्रम आहे. सह्याद्रीच्या उंच माथ्यांवर पावसाळ्यात पांढऱ्या नाजूक फुलांचे एक थॅलिक्ट्रम फुलते. ते सह्याद्रीचेच, म्हणून उपटून आणू नये. त्याचे शास्त्रीय नाव 'थॅलिक्ट्रम डॅलझेलिआय', आणि ते ज्यांच्यावरून पडले ते निकोल डॅलझेल एडिंबऱ्यातच शिकले होते. मुंबई इलाख्यात नोकरी करताना त्यांनी अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध केला. गिब्सन पेशाने डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते प्रमुख होते. त्या बागेतील वनस्पतींची सुमारे १७० चित्रे त्यांनी एका चित्रकाराकडून काढून घेतली. चित्रकाराचे नाव कोठे नोंदलेले नाही. चित्रे मात्र आज एडिंबऱ्याच्या याच बागेच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. पुण्यात तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या मला दापोडीचे नाव तेथे वाचून फार बरे वाटले.

गड्ड्याचा एक तुकडा मामांनी नव्या सदनिकेच्या सामाईक बागेत लावला, तेथील व्यवस्थापकांची रीतसर परवानगी काढून. दुसरा शेजारच्या त्या तरुणाला दिला. तिसरा मोठ्या कुंडीत ठेवला, खिडकीतून मामींना दिसेल असा. बागेत आता हातांचा आधार असलेले एक उंच स्टूल आहे. उठण्यापूर्वी मामा त्यावर मिनिटभर बसून घोटे हलवतात, मग उभे राहतात. विसरले तर मामी आतून हाक मारतात. मुलाने फरशीचा विषय पुन्हा काढलेला नाही. जूनमध्ये फोन झाला तेव्हा कुंडीतील आणि शेजारचा असे दोन तुकडे हातभर वाढले होते. सामाईक बागेतला अजून वर आला नव्हता. मामींनी तेथे काडी रोवून ठेवायला सांगितले आहे.