टॉवर पलीकडच्या काठावर

१६ जून २०२५, सोमवार
शाळा आज उघडल्या. अंगणवाडीत पोरं नेहमीसारखीच. फोनचं मागचं झाकण एका कोपऱ्यात वर आलंय. बॅटरी फुगली. केसांचा रबर बँड लावून दाबून ठेवलं. थोरल्याला सांगितलं तर म्हणाला, "आई, तो उशाशी घेऊन झोपू नकोस. रात्री चार्जिंगला तर अजिबात नको."

१८ जून
सुपरवायझर मॅडमचा ग्रुपवर निरोप. १ जुलैपासून टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं चेहरा जुळल्याशिवाय द्यायची नाहीत. गरोदर बाया, स्तनदा माता, तीन वर्षांखालची पोरं, सगळ्यांना लागू. आधी ई-केवायसी, मग वाटपाला फोटो. निरोप सकाळी ९ ला पडलेला. मला दुपारी पारावर गेल्यावर दिसला.

१९ जून
पाऊस. लाइट ११ ला गेली. रेंज १ च्या सुमाराला. टॉवरखालच्या बॅटऱ्या तेवढ्याच पुरतात. जनरेटर आहे. डिझेल कधी असतं, कधी नसतं.

मुळशी धरणाचं पाणी डोंगराखालून भिऱ्याला उतरतं, तिथं वीज होते, मुंबईला जाते. आता शंभर वर्षं होत आली. सासूबाईंपुढे हे बोलले तर त्या सेनापती बापटांवर गेल्या. त्यांच्या आजेसासऱ्यांची भातखाचरं धरणात बुडाली. धरणाविरुद्धचा सत्याग्रह १९२१ चा, पण सासूबाई आपण तिथं होतो अशा सांगतात. मी तोवर काडेपेटी शोधत होते.

२० जून
ई-केवायसी सुरू. वरच्या आळीतली बाळंतीण, बाळ दोन महिन्यांचं. आधार तिचं, त्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा. नवरा पिरंगुटला कंपनीत, पहिली पाळी. कामावर फोन लॉकरात. ओटीपी त्याच्याकडे येणार, तो जेवायच्या सुट्टीत बघणार, त्या वेळेला मला रेंज पाहिजे, त्यालाही पाहिजे. दहा मिनिटांत ओटीपी मेला की पुन्हा पहिल्यापासून.
जमलं एकदाचं. पारावर, मदतनीस मावशींनी माझ्या डोक्यावर छत्री धरली तेव्हा. बाळाच्या डोक्यावर कुंची होती म्हणून बरं.

२१ जून
हे म्हणाले, "सरकारी फोन आहे ना तुला?" तो दुरुस्तीला गेलाय. कधी येईल ते विचारायचं नाही.
२०२१ चा ऑगस्ट आठवला. राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. २ जीबी रॅम, वॉरंटी संपलेली, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. आम्ही मराठी मागत होतो. पौडला गेलो तेव्हा पिशवीत फोन आणि वर चार्जरची गुंडाळलेली वायर, अशा बाया रांगेत. तेव्हापासून बहुतेक काम माझ्याच फोनवर. गेल्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्जही याच फोनवरून भरले. बॅटरी फुगणार नाही तर काय.

२२ जून, रविवार
थोरला हिंजवडीहून आला. येताना पाऊस, पण तोंडावर तक्रार नाही. त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम. नणंदेचा फोन मागून घेतला, त्यात तिसरी कंपनी. तीन फोन घेऊन वाडीभर फिरलो. लोक बघत होते. एकीनं विचारलं, जनगणना का?

तो म्हणाला, वरच्या काड्या मोजू नकोस, काड्या खोटं बोलतात. प्रत्येक जागी फोन लावायचा आणि एक फोटो पाठवायचा. गेला तर गेला.
अंगणवाडीची खोली: माझी नाही, त्याची नाही. तिसरी फक्त पाण्याकडच्या खिडकीत.
पार: तिन्ही.
शाळेचा व्हरांडा: माझी, अर्धवट.
वरची आळी: तिसरी जोरात.
खाली ओढ्याजवळ: कुणीच नाही.

तेवढ्यात लाइट गेली. आम्ही पारावरच थांबलो. दोन तास भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. मग माझी आणि त्याची रेंज एकदमच गेली. पुढेमागेही नाही, एकदम. तो उठून उभाच राहिला. दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर भाड्यानं आहेत. इकडून तिकडे पोर्ट केलं असतं तर फक्त बिलाचा रंग बदलला असता. तिसरीचा टॉवर पलीकडच्या काठावर, त्याची लाइट वेगळ्या लाइनवर. पाण्यावरून रेंज सरळ येते, मध्ये डोंगर नाही.
हे कुठल्याच जाहिरातीत नव्हतं.

२३ जून
नंबर सोडायचा प्रश्न नाही. बँक, गॅस, आधार, अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला, वाडीतल्या प्रत्येक बाईच्या फोनात. हा नंबर मी घेतला २०११ साली. त्याच वर्षी २० जानेवारीला देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली. तेव्हा पेपरात वाचलं आणि वाटलं, ही मुंबई-पुण्याची थेरं.

२४ जून
पौडला मीटिंग होती. येताना तिसऱ्या कंपनीचं नवं सिम घेतलं, सगळ्यात स्वस्त पॅक. आधी दुसऱ्या खाचेत घालून बघायचं, मग मूळ नंबर हलवायचा. दुकानदार म्हणाला, "थेट पोर्टच मारा ना बाई." त्याला कमिशन मिळतं. मिळू दे. पण एकदा तिकडे गेलं की ९० दिवस परत फिरता येत नाही. भाद्रपद संपेपर्यंत अडकून पडायची माझी तयारी नाही.

२६ जून
अंगणवाडीतल्या खिडकीत बसून काम केलं. चौघींची केवायसी झाली. खिडकीतून पाणी आत येतं. टेबलाखाली गोणपाट टाकलं.

रात्री झाकणाचा रबर बँड तुटला.

२७ जून
थोरल्यानं फोनवर फोनची यादी वाचून दाखवली. ५० मेगापिक्सेल, १०८ मेगापिक्सेल. मला चेहरा घ्यायचाय, पोस्टर नाही काढायचं. मी सांगितलं: बॅटरी मोठी, आवाज मोठा, ओल्या बोटानं चालला पाहिजे, अंधाऱ्या खोलीत चेहरा दिसला पाहिजे, दोन सिम आणि वर मेमरी कार्ड. काही फोनांत एक सिम काढलं तरच कार्ड बसतं, ते नको.
५जी हवं का? तो म्हणाला, घे, चार वर्षं वापरशील. ५जी २०२२ च्या १ ऑक्टोबरला सुरू झालं तेव्हा पहिल्या १३ शहरांत पुणं होतं. हिंजवडी मुळशी तालुक्यात, ताम्हिणीही मुळशी तालुक्यातच. एकाच पंचायत समितीत काचेच्या इमारती आणि पारावर छत्री धरून उभी मी.
तो मग फ्रिक्वेन्सीचं सांगत बसला. ७००, ८५०, ९०० लांब जातात, भिंतीतून शिरतात. ३३०० च्या पुढचं वेगानं चालतं पण डोंगर दिसला की संपलं. फोनात खालचे बॅण्ड आहेत का तेवढं बघ, म्हणाला. वहीत लिहून घेतलं. दुकानात वाचून दाखवायला.

२८ जून, शनिवार
पौड. दुकानातल्या पोरानं आधी सेल्फी काढून दाखवला. मी पेलाभर पाणी मागितलं. त्याला वाटलं प्यायला. बोटं बुडवली आणि फोनवर माझा नंबर टाइप केला. पहिल्या फोनात तीनचं आठ झालं, पाच दोनदा उमटला. दुसरा नुसता थरथरला, एकही आकडा नाही. तिसऱ्यावर थेंब पडलेले असतानाही नंबर सगळा बरोबर आला. पोरगा आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालक म्हणाले, "बाई, असं कुणी बघत नाही." मी म्हटलं, आमच्याकडे जून ते सप्टेंबर असंच बघतात.
आयपी ६४ म्हणजे शिंतोडे चालतात, बुडवायचा नाही. आयपी ६८ बुडवला तरी चालतो, पण त्याची किंमत ऐकून पुढचं ऐकलं नाही.
फोन १२,९९९. मानधन १३ हजार. वर प्रोत्साहनाचे येतील तेव्हा येतील. बिलात जीएसटी १८ टक्के. २०२० च्या मार्चअखेरपर्यंत १२ होता, मालकांनीच सांगितलं. बिनव्याजी हप्ता म्हणाले, त्याला वेगळी फी. रोख दिले, भिशीचे.
*#०६# दाबून आयएमइआय काढला, खोक्यावरच्या १५ आकड्यांशी जुळवला. मग केवायएम लिहून तो नंबर १४४२२ ला पाठवला. मेसेजात फोनची कंपनी आणि मॉडेल बरोबर आलं. मालक आता गप्प होते.
जुना फोन दुकानातल्या ई-कचऱ्याच्या डब्यात. फोटो आधी काढून घेतले.

१ जुलै, मंगळवार
पाकिटं. खिडकीतला बाक पक्का झालाय. ॲप म्हणतं, डोळे मिचकावा. बाया लाजतात. एकीला हसू आवरेना, हसताना डोळे मिटलेलेच, ॲपला वाटलं झोपली. वरच्या आळीतल्या बाळंतिणीचा चेहरा जुळेना. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, गाल भरलेले. आता गालाची हाडं वर आलीत. सासूसमोर डोक्यावरचा पदर काढायला तयार नव्हती. मी सासूला चहा आणायला पाठवलं. पदर काढला, खिडकीकडे तोंड केलं, जुळला.
तिचं वजन घेतलं. तेही लिहायला हवं होतं ॲपमध्ये, पण मला तसा रकाना सापडला नाही. वहीत लिहिलं.

३ जुलै
आठवडाभर खिडकीची रेंज टिकली. दोनदा लाइट गेली, तिसरी कंपनी चालू. ठरलं.
गेल्या वर्षी याच तारखेला दोन मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले होते, दुसऱ्या दिवशी आणखी एकीनं. तेव्हा अर्ध्या वाडीनं पोर्टच्या गप्पा मारल्या, केलं कुणीच नाही.
माझं पॅक ९ तारखेला संपतंय. उरलेले दिवस, उरलेला डेटा नव्या कंपनीत जात नाही. म्हणून शेवटाला आणून ठेवलं.

४ जुलै
पोर्ट, मध्ये जागा, दहा आकडे. १९०० ला. पारावरूनच गेला. आठ अक्षरांचा कोड आला. चार दिवस चालतो. कागदावर उतरवून आरशामागे खोचला.

५ जुलै
पौडला कोड दिला, आधार दिलं, अंगठा, फोटो. अंगठा उमटेना. भातरोपं काढून काढून रेषा झिजल्यात. अंगठ्याला खोबरेल लावलं, पुसलं, उमटला.
दुपारी जुन्या कंपनीचा फोन. मुलगी गोड बोलत होती, का सोडताय, दीडपट डेटा देते. मी म्हटलं डेटा नको, टॉवरला डिझेल घाला. ती म्हणाली, सिस्टीममध्ये तुमच्या भागात नेटवर्क उत्तम दिसतंय. मी विचारलं, तुमची सिस्टीम कुठं बसलीय? उत्तर नाही. २४ तासांत अर्ज रद्द करता येतो, हेही तिनं सांगितलं. आभार मानले.

६ जुलै
आषाढी. उपास. दूरदर्शनवर पंढरपूर. फोन गप्प.

७ जुलै
अजून जुनीच चालू. कामाचे तीन दिवस म्हणतात, रविवार धरायचा नाही.

८ जुलै
रात्री काही तास सेवा बंद राहील, असा मेसेज. ह्यांचा प्रश्न: "रात्री कुणाला दुखायला लागलं तर?" वरच्या आळीत सात महिन्यांची एक आहे. तिच्या सासूला निरोप दिला, रात्री दारावर या, फोन लावत बसू नका. १०८ लावायला चाचणीचं सिम आहेच.

९ जुलै
पहाटे ५ ला जुनं सिम मेलेलं. नवं घातलं. पहिला मिस्ड कॉल आईचा, माहेरचा. नंबर तोच, तिला काही कळलंच नाही.
पैशाच्या ॲपनं पुन्हा नोंदणी मागितली. नवा फोन, नवं सिम, पहिल्या दिवशी ५ हजारांच्या वर पाठवू देत नाही. पाठवायचे होते कुठं.

१२ जुलै
लावणी जोरात. बाया अंगणवाडीत येणार कधी? फोन घेऊन बांधावर गेले. प्लॅस्टिकची पिशवी, वर इरलं. गुडघाभर चिखलात उभ्या राहून डोळे मिचकावतायत. एकीच्या कपाळावर चिखल, चेहरा जुळेना. बांधावरच्या पाण्यानं धुतलं. आंबेमोहोराच्या रोपांचा वास बोटांना, स्क्रीनलाही.

१५ जुलै
खाली ओढ्याजवळच्या तिघी-चौघी राहिल्यात. तिथं कुणाचीच रेंज नाही. लिहून दिलं मॅडमना. मॅडम म्हणाल्या, पारावर बोलवा. त्यातली एक आठ महिन्यांची. पाखाडी निसरडी. तिला बोलावणार नाही. पाकीट घरी पोचवलं, फोटोचं नंतर बघू.

१७ जुलै
मदतनीस मावशी सिम घेऊन आल्या. "बाई, माझंपण करा तुमच्यासारखं." त्यांच्यामागे आणखी दोघी. मी म्हटलं, थांबा. मावशींचं घर मारुतीच्या मागं, पाण्याकडे पाठ. तिथं माझा फोन मुका होतो. दोघींचं घर कड्याखाली. आपलं सिम घेऊन एकदा माझ्याबरोबर तुमच्या चुलीपाशी चला, मग ठरवू.
मावशी रुसल्या. उद्या सकाळी ७ ला जायचं ठरलंय, आधी त्यांच्याकडे.