वाऱ्याचा डोळा

पुण्याच्या थंडीला कोणी थंडी म्हणतच नाही. उन्हाळ्याला लोक शिव्या देतात, पावसाला नावे ठेवतात; थंडीचे मात्र कौतुक. "काय गुलाबी हवा पडली आहे!" असे म्हणणारे गृहस्थ बहुधा शहरात तिसऱ्या मजल्यावर राहत असावेत. त्यांनी एकदा मांजरीच्या गावठाणात, नदीकडच्या खोलीत, पहाटे पाच वाजता जागे होऊन पाहावे. मग तिचा रंग कोणता ते कळेल. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशापर्यंत उतरला होता, आणि ही काही महाबळेश्वरची गोष्ट नव्हे!

गार हवा जड असते. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, आणि गारठलेली हवा पाण्यासारखी उतार शोधीत नदीकाठी मुक्कामाला येते. संगमावरून निघालेली मुळामुठा पूर्वेला आमच्या गावावरून जाते. तेव्हा हा पाहुणा आम्हांला ठरलेलाच. द्राक्ष बागाईतदारांना हे शिकवावे लागत नाही. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीत १९९७ साली आले. बागाईतदारांचे पहाटेचे जागरण त्याहून जुने. पारा फार उतरला की मण्यांची वाढ मंदावते, म्हणून ते बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचे कोमट पाणी सोडतात. वेलीची एवढी काळजी घेणाऱ्या गावात घरातली म्हातारी माणसे मात्र फटींसमोर कुडकुडत निजतात.

आमचे घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेले. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी दारे-खिडक्या, वर कौले. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले, भोवती इमारती उठल्या, घर आहे तसेच राहिले. गेल्या जानेवारीत सासूबाईंच्या दम्याने उचल खाल्ली. दवाखान्यात चार रात्री काढून आम्ही घरी आलो ते डॉक्टरांची एकच ताकीद घेऊन: यांना पहाटेचा गारठा लागता कामा नये.

धाकट्या दिरांनी लगेच उपाय सांगितला. "वहिनी, ही जुनी लाकडं काढून टाका. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवा. कटकटच नको."

दिरांचा जीव आईसाठी तुटतो हे मला ठाऊक आहे. पण अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लाकडापेक्षा हजारपटीहून अधिक सहज वाहून जाते, आणि सरकत्या झडपेला सरकायला जागा ठेवावीच लागते. म्हणजे फट आलीच. घराचा दोष लाकडात नव्हता, लाकडाच्या कडेला होता. शिवाय आपल्याकडे डिसेंबरात दुपारी पारा तिसाच्या आसपास चढतो आणि पहाटे दहा-अकरावर येतो. विलायतेप्रमाणे घर आगीने तापवायचे नाही. दुपारची ऊब रात्रभर सांभाळायची, एवढेच. ते काम जाड मातीची भिंत उत्तम करते, फक्त फटींनी तिची मिळकत उधळता कामा नये.

मग एका वाऱ्याच्या रात्री पंखे बंद करून मी उदबत्ती पेटवली आणि चौकटींच्या कडेकडेने फिरवू लागले. सासूबाईंना वाटले, सूनबाई घराची दृष्ट काढते आहे. धूर सरळ वर गेला की ती जागा निर्दोष. तो आडवा पळाला की तिथे चोरवाट. आमच्या मागच्या दाराशी तर धूर असा पळाला की जणू त्याला कोणी हाक मारली. ते दार तीन फूट रुंद आणि त्याखाली अर्ध्या इंचाची फट. ऐकायला क्षुल्लक, हिशेब मांडला तर १८ चौरस इंच. भिंतीला सव्वाचार इंचांचे चौकोनी भोक कोणी पाडले असते तर आपण पोलिसांत गेलो असतो!

मराठी शिकवणाऱ्या बाईच्या मनात अशा वेळी शब्द येणारच. संस्कृतात खिडकीला गवाक्ष म्हणतात, म्हणजे गाईचा डोळा; आणि वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. इंग्रजांचा 'विंडो' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला, त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. दोन्हीकडच्या पूर्वजांनी वारा घरात यायचाच हे गृहीत धरलेले दिसते. त्याला कारण होते. घरात चूल होती, तिचा धूर कुठूनतरी जायला हवा होता.

आमच्या स्वयंपाकघरात भिंत आणि कौले यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा होती. चूल गेली, गॅस आला, जागा तशीच राहिली, आणि ऊन हवा वर चढत असल्याने घराची सगळी ऊब तिथून पसार होत असे. ती बुजवायची ठरली, तर तिथे चिमणीचे घरटे निघाले. सासूबाई म्हणाल्या, "पिलं उडू दे आधी." काम तीन आठवडे थांबले.

सुतारमिस्त्री मोठे जाणते भेटले. फुगलेल्या दाराला पावसाळ्यात रंधा मारायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा. हिवाळ्यात लाकूड आकसते आणि तेवढीच फट जास्त होते. त्यांनी सैल बिजागऱ्या आवळल्या. तावदानांच्या कडांची कोरडी पडलेली लांबी खरवडून खडूची पूड नि जवसाचे तेल मळून नवी भरली. झडप जिथे चौकटीला टेकते तिथे मी सुचवले म्हणून जुन्या घोंगडीच्या पट्ट्या डकवल्या. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी वाळू भरलेली कापडी वळकटी आली. नातू तिला अजगर म्हणतो. नदीकडच्या खिडकीला गोधडीचा पडदा. ऊन कलायच्या आत खिडक्या लावायच्या, दुपारी सताड उघडायच्या, हा घराचा नेम झाला.

खरा तंटा शेगडीवरून झाला. सासूबाईंना निजताना खोलीत कोळशाची शेगडी हवी. "पन्नास वर्षं ठेवत आले, काय झालं मला?"

"आई, पन्नास वर्षं खोलीला फटी होत्या," मी म्हणाले. "आता नाहीत."

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट बिलगतो. माणूस निजेतच जातो. उत्तरेकडे बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेल्या कुटुंबांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. ज्या फटींवर मी दोन महिने दात ओठ खात होते, त्यांनीच आजवर या बाईला राखले होते. आईंना मी हे सारे समजावून सांगितले. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेगडी ओटीवर गेली. संध्याकाळी तिथे सगळ्यांनी शेकायचे आणि निजताना त्यांनी पायाशी गरम पाण्याची पिशवी घ्यायची, असा तह झाला. त्यांच्या खोलीचा वरचा झरोका मात्र मी मिस्त्रींना बुजवू दिला नाही. माणसाच्या श्वासालाही वाट लागते, दम्याच्या माणसाच्या तर अधिकच.

एक फट अजून उरली आहे. थोरल्या दाराच्या दोन फळ्यांमधली, डोळ्याच्या उंचीवरची. उदबत्ती तिथे फार पळते. मिस्त्री तीनदा पट्टी घेऊन आले आणि तीनदा परत गेले, कारण सासूबाई तिला हात लावू देत नाहीत. दार न उघडता कोण आले आहे ते त्या तिथून पाहतात. आणि कडी काढायची की नाही, ते ठरवतात. शेवटी मी एक खिळा ठोकून फटीवर घोंगडीचा तुकडा लोंबता सोडला आहे. बाहेर पावले वाजली की त्या दोन बोटांनी तो वर करतात, पाहतात, आणि पुन्हा सोडून देतात.