दादांसाठी लेन्स

आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, यांना आता धाराशिव लेण्यांच्या पायऱ्या उतरवत नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. शाळेत असताना आम्ही दोघं सायकलवर डबलसीट तिथं जायचो. गावाला तेव्हा उस्मानाबाद म्हणत, लेणी मात्र तेव्हाही धाराशिवचीच. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा दादा म्हणाले होते, "लेण्यांना कळवायची गरज नाही!"

तर गेल्या दिवाळीत ते म्हणाले, "एवढा कॅमेरा घेतलायस, दोन नंबरच्या लेण्याचा मंडप अख्खा काढून आण की."

झालं! तो मंडप सुमारे ८० फूट लांब आणि तेवढाच रुंद, अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेण्यांच्या धर्तीचा. माझ्या कॅननसोबत १८-५५ची लेन्स आलेली. तिच्यात समोरची भिंत यायची, पण जवळचे खांब आणि छत निसटायचं. पाच-सहा फोटो काढून जोडून पाहिले, तर सांध्यावर खांबांचे तुकडे झाले. पुतण्या म्हणाला, "काका, मोबाइलवर काढा." काढला, पण अंधारात दगडाचा पोत पार पुसला गेला.

मग मास्तरकी जागी झाली. वही काढून त्रैराशिक मांडलं. सेन्सरची रुंदी २२.३ मिलिमीटर. वीस फुटांवरून १८ला सुमारे २५ फूट रुंदी मावते, १०ला सुमारे ४५ फूट. म्हणजे कागदावर आठ मिलिमीटरचा फरक, जागेवर वीस फुटांचा. एवढं गणित वर्गात कुणी आवडीनं केलं नव्हतं!

टोकिनाची ११-१६ मनात भरली होती. एफ २.८, म्हणजे अंधारात प्रकाश जास्त. पण वजन अर्ध्या किलोच्या वर. कॅननच्या १०-१८चं छिद्र लहान, पण वजन २४० ग्रॅम आणि आत हाताची थरथर सावरणारी सोय. खांब काही पळत नाहीत, थरथरतो तो माझा हात. तेव्हा हीच घेतली, सोलापुरातून, जुनी. (पेन्शनीत तेच बसतं. सौ.ला किंमत थोडी कमी सांगितली आहे. तिनं हे वाचू नये.)

एक धडा पहिल्याच दिवशी मिळाला. कॅमेरा जरा वर केला की सगळे खांब आत झुकतात. म्हणून तो सरळ समोर धरून १०वर फोटो घेतला. छत, जमीन, दोन्हीकडचे खांब, सगळं आलं! फारच खूश होऊन मोठी प्रत काढली आणि दादांपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "मागची भिंत एवढी लांब नव्हती रे."

खरंच आहे. ही लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं आणखी मागं ढकलते. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, तीच लेन्स १८वर नेऊन फोटो काढला. मंडपाचा एक तुकडाच आला त्यात.

"हां," दादा म्हणाले, "इथं बसून आपण दशम्या खायचो. तू पाणी सांडलं होतंस."

१८ तर जुन्या लेन्सवरही होतं, हे मी त्यांना बोललो नाही.