काठावरचा क्षण

निवृत्त झाल्यापासून दिवाळीच्या सुट्टीची वाट मी शाळेतल्या मुलांहूनही अधिक आतुरतेने पाहतो. सुट्टी लागली की माझी बारा वर्षांची नात आणि तिचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ पुण्याहून आमच्या गावी येतात आणि एरवी घड्याळाच्या टिकटिकीवाचून दुसरा आवाज नसलेले घर हां हां म्हणता गजबजून जाते. गेल्या दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला, बुरुजांवर मावळे चढले. पण दोनच दिवसांनी पाहतो, तो दोघे माजघरात संगणकापुढे बसलेली! माझ्या कपाळाला आठी पडली. मुलांना खेळातून उठवून पुस्तकाकडे नेण्यात ज्याचा सारा जन्म गेला, त्याच्या कपाळाला ती सवयीनेच पडते.

नातीने ती आठी पाहिली असावी. ती म्हणाली, "आजोबा, मी खेळत नाही, खेळ तयार करते आहे. याच्यासाठी."

मला मोठे नवल वाटले. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००७ साली मुलांसाठी 'स्क्रॅच' नावाचे एक साधन खुले केले. ते ब्राउझरमध्येच उघडते. त्यात संगणकाला द्यायच्या आज्ञा रंगीत ठोकळ्यांवर लिहिलेल्या असतात. ठोकळ्याला ठोकळा जोडीत गेले की आज्ञांची साखळी तयार होते आणि पडद्यावरचे चित्र त्याप्रमाणे हालचाल करू लागते.

नातीचा खेळ अडथळ्यांच्या शर्यतीचा होता. एक नारिंगी मांजर धावत निघे. वाटेत पायऱ्या, अणकुचीदार काटे आणि मधूनमधून खोल खड्डे. बटण दाबले की मांजर उडी मारी. ती उडी पाहून मी विचारले, "हे वर जाऊन पुन्हा खाली कसे येते?"

"आंबा पाडायला दगड फेकला की तो कसा येतो? तसंच," ती म्हणाली. उडीच्या आरंभी तिने मांजराला वर जाण्याचा १२ इतका वेग दिला होता. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ३० वेळा बदलते. दर बदलाला त्या वेगातून १ वजा होई. १२, ११, १० असे करीत वेग शून्यावर आला की मांजर क्षणभर थबके आणि मग शून्याखाली गेलेला तोच वेग त्याला खाली आणी. वजाबाकीचा असा देखणा उपयोग मी आजवर एकाही फळ्यावर दाखवला नव्हता!

पुढे तिने मला एक जुना खेळही दाखवला. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८५ साली काढलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स'. त्याच्या पहिल्याच टप्प्यात समोरासमोर दोन जिने येतात. त्यांच्यामधून खाली पडले, तरी तळाशी जमीन असते. इजा होत नाही. थोडे पुढे गेले की तसेच दोन जिने पुन्हा येतात, पण या वेळी मध्ये तळ नसतो. आधी निर्धास्तपणे सराव, मग परीक्षा. आणि तेही शब्दावाचून! नातीने आपल्या खेळात हीच रचना उचलली होती. शिकवण्याची ही हातोटी पाहून माझ्या कपाळावरची आठी केव्हा मावळली, ते मला कळलेही नाही.

दुपारी नातू खेळायला बसला. तीन खड्डे त्याने ओलांडले. चौथा मात्र काही केल्या ओलांडेना. एकदा पडला, दोनदा पडला, सातव्यांदा पडला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "ताई, मी दाबलं होतं गं बटण! खरंच दाबलं होतं!"

मी मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणालो, "दाबलंस, पण उशिरा दाबलंस. खेळ म्हटला की नियम आलाच."

नात काही बोलली नाही. तिने त्याला पुन्हा खेळायला लावले आणि ती पडद्याकडे न पाहता त्याच्या बोटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, तो खोटं बोलत नाही. मांजराचा पाय काठावरून सुटतो आणि लगेच याचं बोट खाली येतं. त्याला वाटतं, आपण अजून काठावरच आहोत."

तिने दोन-चार ठोकळे जोडले. आता पाय काठावरून सुटल्यावरही तीन चित्रे बदलेपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत, उडी मान्य होणार होती. खेळ रचणाऱ्या लोकांत ही युक्ती रूढ आहे, असे ती म्हणाली. तिला 'कायोटी टाइम' म्हणतात. कायोटी हा अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी. तिथल्या एका व्यंगचित्रपटात तो कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली पाहीपर्यंत हवेतच तरंगत राहतो. त्यावरून हे नाव पडले.

माझे मन काही मानेना. मी म्हणालो, "अगं, मग नियमाला अर्थ तो काय राहिला?"

"नियम आहेच की, आजोबा. खड्डा मी बुजवला नाही. फार उशीर केला तर तो पडणारच. पण जो उडी मारायला आलाच आहे, त्याला कशाला पाडायचं?"

नातू खेळू लागला. दुसऱ्याच प्रयत्नात त्याने चौथा खड्डा ओलांडला आणि आनंदाने घर डोक्यावर घेतले. त्याला कोणी सवलत दिली आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. मी मात्र उठून अंगणात आलो. नातीचे शेवटचे वाक्य काही केल्या मनातून जाईना.

मुलांनो, २००३ साली मी मुख्याध्यापक झालो. शाळेला शिस्त लावायची, या ईर्षेने पहिल्याच आठवड्यात मी आज्ञा काढली की, अकराचा ठोका पडला की फाटक बंद. सातवीतला एक मुलगा ओढ्यापलीकडच्या वाडीतून येई. सकाळी आईची भाजीची पाटी सायकलवरून बाजारात पोहोचवायची आणि मग शाळा गाठायची, असा त्याचा क्रम होता. श्रावणातल्या एका दिवशी फाटक लागले आणि पुढच्याच क्षणी तो येऊन पोहोचला. भिजलेला, धापा टाकणारा. त्याने फाटकाचे गज धरले. शिपायाने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे बोट दाखवले.

असे तीनदा झाले. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. मी निरोप धाडले. पुढे एका रविवारी वाडीवरही जाऊन आलो. तोवर तो तालुक्याच्या गावी एका गॅरेजात कामाला लागला होता. "साहेब, त्याला शाळा आवडायची हो," एवढेच त्याची आई म्हणाली. तिने मला चहा दिला. तो मी कसा प्यालो, ते माझे मलाच ठाऊक.

फाटक वेळेवर लावणे चुकीचे होते, असे मी आजही म्हणणार नाही. वेळ पाळायला शिकवणे हे शिक्षकाचे कामच आहे. परंतु आळसाने रेंगाळणारा आणि ऊर फुटेस्तोवर धावत येणारा, या दोघांना मी एकाच घड्याळाने मोजले. बोटाकडे पाहायला मी विसरलो. माझे सारे लक्ष पडद्यावर होते.

सुट्टी संपली, मुले पुण्याला गेली. घर पुन्हा शांत झाले. मी गावच्या वाचनालयात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवतो. सहा वाजता दार लावून घेण्याचा माझा नियम आहे आणि तो अजूनही मोडलेला नाही. फक्त आता कडी लावण्यापूर्वी मी उंबऱ्यावर येतो, चष्मा पुसतो आणि रस्त्याच्या वळणापर्यंत एकदा पाहून घेतो. कोणी धावत येत असेल, तर हात कडीवरच थांबतो.