सटवाईनंतरचा मजकूर

बाळाच्या पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन लिहून जाते. ते कुणालाच वाचता येत नाही. डीएनएवरच्या मेथिल खुणांबद्दल वाचताना मला ती आठवते, फरक इतकाच की ही सटवाई जन्मभर येत राहते. डीएनएतल्या ‘सी’ या अक्षराला एवढासा मेथिल गट चिकटतो. अक्षर तेच राहतं, पण जनुकाच्या तोंडाशी अशा खुणांची दाटी झाली की ते सहसा गप्प बसतं. यकृताच्या कर्करोगात पी१६, आरएएसएसएफ१ए ही पेशींच्या वाढीला आवर घालणारी जनुकं पुष्कळदा अशी गप्प झालेली सापडतात.

आणि हे आता वाचता येतं. हिपॅटायटिस बीमुळे हा कर्करोग जिथे फार, त्या दक्षिण चीनमधल्या संशोधकांनी २०१७मध्ये हजारावर रुग्णांच्या रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे तपासले. मोजक्या खुणांवरून कोण किती तगेल याचा अंदाजही बांधला.

पण अंदाज गटाचा असतो. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२मध्ये मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला. निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात, असं त्यांना वाचायला मिळालं. आकडेशास्त्र जाणणाऱ्या या माणसानं उरलेल्या निम्म्यांकडे पाहिलं. त्यांतले काही फार पुढे जातात. ते स्वतः वीस वर्षं जगले. (आकडा काही खोटा नव्हता!)

मग खूण वाचून करायचं काय? ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीत एमजीएमटी जनुकावर मेथिल खुणा असल्या तर टेमोझोलोमाइड जास्त लागू पडतं, हे २००५मध्ये दिसलं. डीएनएची दुरुस्ती करणारं हे जनुकच गप्प असल्यानं औषधानं केलेली मोडतोड पेशीला निस्तरता येत नाही. तिथे वाचणाऱ्या डॉक्टरच्या हाती काही लागतं. यकृताचे उपचार मात्र अजून गाठी किती, केवढ्या, रक्तवाहिनीत शिरल्यात का, उरलेलं यकृत कितपत चालतं आणि रुग्ण हिंडता-फिरता आहे का, यांवरच मुख्यतः ठरतात.

उद्या माझ्या माणसाच्या रिपोर्टात असा आकडा आलाच, तर मी डॉक्टरांना एवढंच विचारेन, की यानं तुमच्या उपचारात काय बदलणार? ‘काही नाही’ म्हणाले, तर त्यानं विचारल्याखेरीज तो आकडा मी त्याच्या कानावर घालणार नाही.